मी बरी आहे, थँक यू

टॅलमन क्रीक, जॉर्जिया
१४ सप्टेंबर

प्रिय डॉक्टर हार्लन यांस,

देवाच्या कृपेने आम्ही इकडे ठीक आहोत. तुमचं पत्र मिळालं, फुलं मिळाली आणि नासपतींची टोपलीही मिळाली. एकेक नासपती सोनेरी कागदात गुंडाळलेली! आमच्या गल्लीत अशी टोपली याआधी कोणाकडे आलेली नाही. पोस्टमन ती घेऊन पायऱ्या चढला तेव्हा समोरच्या मिसेस बग्ज पडद्याआडून बघत होत्या, आणि संध्याकाळपर्यंत या वयात माझं कोणाशी तरी जमलंय अशी बातमी चर्चपर्यंत पोचली होती. नासपती मी साखर घालून शिजवल्या आणि कुस्करल्या. आमच्या घरी एकीला कडक फळ चावत नाही.

तुमची तब्येत सुधारतेय, जिना चढता येतोय, हे वाचून मला बरं वाटलं. हे मी तोंडदेखलं लिहीत नाही. तुम्ही जगावं असं मला अगदी मनापासून वाटतं. का वाटतं ते पुढे येईलच.

तुम्ही लिहिलंय, की त्या रविवारी चर्चमध्ये मी तुमचा जीव वाचवला. मी वारा घालत होते आणि शांत आवाजात काहीतरी बोलत होते. 'ते शब्द आता आठवत नाहीत, पण त्या आवाजाने आईसारखा धीर दिला.' हे वाक्य वाचून मी स्वयंपाकघरातल्या खुर्चीवर बसले आणि हसत सुटले. इतकी हसले, की बाहेरच्या खोलीतून केटुरा मान वळवून बघायला लागली. केटुरा माझी मुलगी. तिच्याबद्दल सांगायचंच आहे, पण जरा दम धरा. आम्हीही तुमच्या दारात पुष्कळ दम धरलाय.

आधी तुमची एक चूक दुरुस्त करते. माझ्या 'नर्सिंगच्या शिक्षणाचं' तुम्ही कौतुक केलंय. डॉक्टर, मी नर्स नाही. मी निवृत्त होईपर्यंत काउंटीच्या शाळेची पिवळी बस चालवत होते. तो पांढरा ड्रेस, पांढरे हातमोजे, पांढरे बूट हा आमच्या चर्चच्या नर्स मंडळाचा पोशाख. प्रार्थनेत कोणाच्या अंगात आलं, उकाड्याने कोणी कोसळलं, की त्याला धरायचं, वारा घालायचा, पाणी पाजायचं, बाईचे पाय उघडे पडले तर त्यावर चादर टाकायची, एवढंच आमचं काम. आमच्या आज्यांनी हे मंडळ हौसेने काढलं नव्हतं. तेव्हा या भागातली हॉस्पिटलं आम्हा काळ्या लोकांना पुढच्या दाराने आत घेत नसत. म्हणून आम्हीच आमच्या नर्स झालो. आता पुढचं दार उघडं असतं, तरी मंडळ आम्ही बंद केलेलं नाही.

तर तो रविवार. तुमच्या हॉस्पिटलने आमच्या वस्तीत रक्तदाब तपासायची फिरती गाडी पाठवली, आणि आमच्या रेव्हरंड गेन्सना इतकं भरून आलं की त्यांनी चर्चच्या वर्धापनदिनी तुमचा सत्कारच ठरवला. मी त्यांना म्हटलं, "रेव्हरंड, सगळ्या काउंटीत तुम्हाला हाच माणूस सापडला?"

"सिस्टर प्रुइट," ते म्हणाले, "क्षमा करायला शिकलं पाहिजे आपण."

"शिकते की. तुमच्या धाकटीचं बाळंतपण कधी आहे? तिला नेऊ या त्याच्याकडेच."

तेव्हापासून ते माझ्याशी जरा जपून बोलतात.

तुम्ही आलात. निळा सूट, पिवळा टाय, केस नीट विंचरलेले. सन्मानचिन्ह घेण्याआधी तुम्ही मधल्या वाटेने सगळ्यांशी हात मिळवत निघालात. दुसऱ्या बाकाच्या कडेला चाकांच्या खुर्चीत एक तरुण बाई बसली होती. अंगात लिंबाच्या रंगाचा ड्रेस, कानात मोती, ओठांवर गडद लिपस्टिक. मांडीवर लहान मुलगी. आठवतंय? तिचा उजवा हात वर आला नाही, म्हणून तुम्ही तिचा डावा हात हातात घेतलात आणि वाकून विचारलंत, "कशी आहेस, बेटा?"

ती म्हणाली, "मी बरी आहे, थँक यू."

तुम्ही रेव्हरंडकडे वळून म्हणालात, "किती गोड मुलगी आहे." आणि पुढे गेलात. मी तुमच्या पाठीमागेच उभी होते. 

ती केटुरा. माझी एकुलती एक मुलगी. आणि डॉक्टर, 'मी बरी आहे, थँक यू' एवढं एकच वाक्य तिच्याकडे उरलंय. बाकीचे सगळे शब्द गेले. ते कुठे गेले ते तुम्हाला माहीत असायला हवं, कारण तुम्ही तिथे होतात.

तुम्हाला आठवत नाही, हे मी ओळखून आहे. तिचं आडनाव लग्नानंतरचं, डॉब्ज. त्या नावाने आमची तक्रार तुमच्या हॉस्पिटलच्या कमिटीपुढे आली होती. कमिटीने चहा घेतला असेल, कॉफी घेतली असेल, आणि सगळं नियमाप्रमाणे झालं असं आम्हाला कळवून हात झटकले. शहरातला वकील म्हणाला, लढता येईल, पण तुमचं आयुष्य त्यातच जाईल. माझ्याकडे तेव्हा एक तान्हं बाळ होतं आणि एक मोठं बाळ होतं. मी घरी आले.

आता त्या दिवसाचं सांगते. तीन वर्षांपूर्वीची गोष्ट. टिर्झाचा, म्हणजे माझ्या नातीचा, जन्म होऊन आठवडाही झाला नव्हता. बाळंतपण तुम्हीच केलं होतं. मंगळवारी दुपारी केटुरा म्हणाली, "मॉमा, डोकं फुटतंय. डोळ्यांपुढे काजवे चमकतायत." पाय तर इतके सुजले होते की चपला चढेनात. मी म्हटलं, चल हॉस्पिटलात. तिने आधी काय केलं असेल? तोंड धुतलं. केस विंचरून वर बांधले. चर्चचा निळा ड्रेस घातला, मोती घातले आणि आरशासमोर उभं राहून, एक डोळा वेदनेने मिटलेला असताना, लिपस्टिक लावली.

तुम्हाला हे वेड वाटेल. आमच्याकडे हे वेड नाही, रीत आहे. मला माझ्या आईने शिकवलं, मी तिला शिकवलं: गोऱ्यांच्या ऑफिसात, बँकेत, हॉस्पिटलात जायचं तर नीटनेटकं जायचं. ताठ बसायचं. आवाज चढवायचा नाही. कोणी विचारलं तर आधी 'मी बरी आहे, थँक यू' म्हणायचं आणि मग आपलं दुखणं सांगायचं. गबाळं गेलं तर म्हणतात गोळ्यांच्या नशेसाठी आलीय. ओरडलं तर म्हणतात अंगावर येते, गार्डला बोलवा. म्हणून आमच्या बायका मरणाच्या दारातसुद्धा कानातलं घालून जातात. शिकवल्याबद्दल मी ऊर बडवून घेणार नाही. मी तिला जगायला शिकवलं होतं. तिच्याकडे बघून तिचं दुखणं ओळखायचं, हे काम तुमचं होतं.

आम्ही बाहेर बसलो होतो तेव्हा एक गोरी मुलगी आली. घरातल्या सपाता, झोपायचा झगा, केस पिंजारलेले, आल्या आल्या भिंतीला टेकून मोठ्याने रडायला लागली. तिला लगेच आत नेलं. नेलं ते बरंच केलं, तिचं दुखणंही खरंच असेल. पण मला राहून राहून वाटतं, की त्या मुलीला विस्कटलेलं असण्याची मुभा होती. माझ्या मुलीला नव्हती.

मग तुम्ही आलात. "कशी आहेस?" तुम्ही विचारलंत.

"मी बरी आहे, थँक यू," केटुरा म्हणाली, आणि मग म्हणाली, "डॉक्टर, डोकं सहन होत नाहीये."

"एक ते दहामध्ये किती?"

"दहा."

तुम्ही तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलंत आणि हसलात. "दहा? दहा दुखणारी बाई लिपस्टिक लावून येत नाही, राणी. पार्टीला निघाल्यासारखी दिसतेयस."

मी म्हटलं, "डॉक्टर, तिचा रक्तदाब घेतला तेव्हा नर्सचा चेहराच बदलला."

"तुमच्या लोकांत तो जरा चढाच असतो," तुम्ही म्हणालात. "नव्या आयांची झोप होत नाही. दोन गोळ्या घे, पाणी पी, आडवी हो."

केटुरा म्हणाली, "मी खोटं बोलत नाहीये." इतक्या हळू म्हणाली, की बहुतेक मलाच ऐकू आलं. मी तिथे आरडाओरडा केला नाही. दारात गार्ड उभा होता, आणि तो आमच्याचकडे बघत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्वयंपाकघरात कॉफीचा मग तिच्या हातातून सुटला. मी वळून पाहिलं तर ती कपाट धरून सरकत खाली बसत होती. चेहऱ्याची एक बाजू ओघळली होती. मेंदूत रक्तस्राव. तोच रक्तदाब, जो आमच्या लोकांत जरा चढाच असतो.

ती जगली. उजवं अंग गेलं, आणि शब्द गेले. मेंदूचे डॉक्टर म्हणाले, असं होतं, कधीकधी एखादं सवयीचं वाक्य तेवढं शिल्लक राहतं. कोणाचं शिवीचं राहतं, कोणाचं प्रार्थनेचं. शिवी राहिली असती तर मी देवाचे उपकार मानले असते. माझ्या मुलीचं हे राहिलं. भूक लागली तर 'मी बरी आहे, थँक यू.' अंथरूण ओलं झालं तरी तेच. गुडघा दुखून डोळ्यांतून धारा लागतात तेव्हाही तेच. नवरा आयझॅक ट्रक घेऊन कामावर परत जायला निघतो, तेव्हा ती दारात बसून त्याला तेच सांगते, आणि तो गल्लीच्या टोकाला ट्रक थांबवून रडतो असं मिसेस बग्ज सांगतात. 'टिर्झा' हे नाव तिनेच निवडलं होतं. स्वतःच्या तोंडाने तिने ते फक्त काही दिवस घेतलं. पोर आता तीन वर्षांची आहे, आईच्या मांडीवर बसून आईचे ओठ बोटांनी हलवते आणि म्हणते, "म्हण ना, टिर-झा." आणि आई म्हणते, मी बरी आहे, थँक यू.

आता तुमचा जीव मी कसा वाचवला ते ऐका, म्हणजे टोपली परत मागायची असेल तर मागता येईल.

भाषण करता करता तुम्ही छाती धरलीत आणि चर्चचं काम बघणाऱ्या डीकन ल्युशसने तुम्हाला उचलून मंडळाच्या खोलीत आणलं. मी लगेच ॲम्ब्युलन्सला फोन केला. फोनवरच्या बाईने सांगितलं तशी आमच्या पेटीतली ॲस्पिरिन तुम्हाला चघळायला दिली. टाय सैल केला, ल्युशसला गाडीला वाट दाखवायला रस्त्यावर पाठवलं. जे करायचं ते सगळं करून झालं. फक्त फोन केलाय हे तुम्हाला सांगितलं नाही. मग मी दार लावलं, खुर्ची ओढली, आणि पंखा घेऊन तुमच्यापाशी बसले.

तुम्ही घामाने निथळत होतात. "फोन करा," म्हणालात. "लवकर करा. माझं नाव सांगा त्यांना."

मी विचारलं, "एक ते दहामध्ये किती दुखतंय?"

"दहा! दहा!"

"दहा? बोलता तर येतंय. सूट किती छान आहे. दहा दुखणारा माणूस असा पिवळा टाय लावून येतो का?"

"सिस्टर, प्लीज..."

"भाषणाचं दडपण आलं असेल. झोप झाली नसेल. तुमच्या लोकांत हे जरा असतंच."

तुमचा हात माझा हात शोधत होता. तुम्ही रडलात, डॉक्टर. म्हणालात, "मी खोटं बोलत नाहीये." अगदी हेच शब्द. मी म्हटलं, "असं सगळेच म्हणतात." आणि वारा घालत राहिले. माझा आवाज शांतच होता. बसमध्ये मागे चाळीस पोरं दंगा करत असताना मी तोच आवाज वापरायची.

मला लाज वाटत नाही. शोधून पाहिली, सापडली नाही. सायरन ऐकू आला तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर जो सुटकेचा भाव आला तो बघून मला एकच वाटलं, की इतक्यात कशाला आली ही गाडी, अजून जरा उशिरा आली असती तर चाललं असतं. पण तुम्ही मरावं असं मला क्षणभरही वाटलं नाही. मेला असतात तर रेव्हरंडनी तुमच्यासाठी भजनं म्हणायला लावली असती, आणि तुम्ही काहीच न कळता भला माणूस म्हणून गेला असतात. तेवढ्यावर मी तुम्हाला सोडणार नव्हते. म्हणून ॲस्पिरिन आधी, शब्द नंतर.

आणि एवढं करून काय झालं? तुम्ही शब्द ऐकलेच नाहीत! तुम्हाला आवाज तेवढा आठवतो, आईसारखा. काळी बाई जवळ बसून बोलतेय म्हणजे ती माया करतेय, एवढंच तुमच्या कानांना कळतं. हसू येणार नाही तर काय होईल? म्हणून हे सगळं लिहून पाठवतेय. कागदावरचं तरी वाचाल.

आता तुमच्या आमंत्रणाबद्दल. नव्या बाळंतपण विभागाचं उद्घाटन पुढच्या महिन्यातल्या पहिल्या शनिवारी आहे, मी तुमच्या शेजारी उभी राहून फीत कापावी, दोन शब्द बोलावेत, पेपरवाले येतील, 'काही लोकांच्या मनातले गैरसमज' दूर होतील. आणि खाली तुम्ही हाताने लिहिलंय: 'तुमच्या चर्चमधली एखादी तरुण आई बाळाला घेऊन आली तर फार छान दिसेल.'

आहे ना. एक तरुण आई आहे माझ्याकडे.

आम्ही येतोय. नर्स मंडळाच्या सगळ्या बायका येतील, पांढऱ्या पोशाखात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणींकडे तुमच्या हॉस्पिटलची आपापली गोष्ट आहे. केटुराला मी तोच निळा ड्रेस घालीन. मोती घालीन. लिपस्टिक मी स्वतः लावीन, कारण आता तिच्या हाताने ती ओठांबाहेर जाते. टिर्झा तिच्या मांडीवर बसेल. फोटो चांगला येईल.

मला भाषण करायचं नाही. एवढंच करा: तुमच्या तोंडाने तिचं पूर्ण नाव घ्या, ती तीन वर्षांपूर्वी कशी आली होती आणि तुम्ही तिला काय म्हणालात ते शब्द न बदलता सांगा. सांगितलंत तर मी फीत कापीन आणि घरी जाईन. नाही सांगितलंत तर मी माईक घेईन आणि तो केटुरासमोर धरून तुम्हाला म्हणेन, डॉक्टर, चर्चमध्ये विचारलं होतंत तसं सगळ्यांसमोर विचारा तिला, कशी आहेस. ती शहाणी आहे, विचारलं की उत्तर देते. ते उत्तर ऐकून झालं, की ते वाक्य तिच्याकडे का उरलं ते मी पेपरवाल्यांना सांगेन. मला आमंत्रण रद्द झाल्याचं कळवलंत तर आम्ही फाटकाबाहेर उभ्या राहू. रस्ता काउंटीचा आहे, हॉस्पिटलचा नाही, त्यावर मी आयुष्यभर बस चालवलीय.

तोवर वाट बघा. वाट बघणं कसं असतं ते तुम्हाला कळावं म्हणूनच हे पत्र आधी पाठवतेय. या दिवसांत छातीत दुखलं तर अंगावर काढू नका, लगेच जा आणि किती दुखतंय ते सांगा. तुमचं ऐकतील.

गोळ्या वेळेवर घ्या, मीठ कमी खा, जिना सावकाश चढा. त्या शनिवारी तुम्ही मला धडधाकट हवे आहात.

तुमच्या प्राणांची काळजी वाहणारी,
आर्डेला प्रुइट
केटुराची आई